थांबा नसलेलं विमान

डॉक्टरांनी परदेशातल्या धाकट्या मुलाला बोलावून घ्यायला सांगितलं होतं.

"किती वेळ लागेल त्याला?" अप्पांनी खाटेवरूनच विचारलं. जन्मभर लांब पल्ल्याची बस चालवलेला माणूस, नुसतं अंतर ऐकून त्यांचं समाधान व्हायचं नाही.

थोरल्या लेकीनं मोबाइलवर दोन्ही शहरांची नावं टाकली. "चौदा तास, अप्पा."

"मधे थांबे?"

"एकही नाही. सरळ इथंच."

मोबाइलनं नुसतं आकाशातलं अंतर मोजलं होतं. तसं थेट विमान कुणीच सोडत नव्हतं. धाकट्याला दोनदा विमान बदलायचं होतं, म्हणजे सव्वा दिवस. हे त्याचा फोन आल्यावर थोरलीला कळलं. पण तोवर अप्पांनी हौसेनं दाढी करून घेतली होती. तिच्यानं काही सांगवलं नाही.

चौदा तास उलटले. दाराकडे बघून बघून अप्पा म्हणाले, "निघालाच नाही ना गं तो?"

"निघालाय हो! मधे दोन थांबे आहेत."

अप्पा हसले. "ड्रायव्हरला थांबे शिकवतेस? काल एकही नव्हता. रातोरात कुणी बांधले?"

तिनं फोन लावला, तर धाकटा हवेत, फोन बंद. त्यानं पाठवलेलं तिकीट मोबाइलवर पुढे धरलं, तर अप्पांनी चष्मासुद्धा मागितला नाही. तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "भावाला सांभाळून घेतेस. शहाणी आहेस." आणि भिंतीकडे तोंड केलं.

धाकटा पोचला तेव्हा खाट रिकामी होती.

"माझ्याबद्दल काही म्हणाले?"

"वाट बघत होते," थोरली म्हणाली.