पहिल्या पानावर लावू का?

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. तुम्ही मोबाइलवर व्हिडिओ लावता ना, तो काही आभाळातून पडत नाही. कुठल्यातरी खोलीत माझ्यासारखा कुणीतरी तो पोटात सांभाळून बसलेला असतो!

मला ताईने जुळवलं, तिच्या फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत. मी तापू नये म्हणून समोर टेबलफॅन लावला तो तिच्या धाकट्या भावाने. दोघांनी मिळून वेबसाइट काढली. कुणीही यावं, आपलं गाणं, नाटुकलं टाकावं, जगाने पाहावं. पहिली आली एका शिंप्याची बासरी, मग नुसती रीघ लागली. मी कधी कुरकुरलो नाही. "काय दणकट गडी आहे!" म्हणत भाऊ माझी पाठ थोपटायचा आणि मी फुगायचो.

रोज सकाळी भाऊ स्वतः एक व्हिडिओ निवडून पहिल्या पानावर लावायचा. एकदा त्याने नावाड्यांवरचा एक चित्रपट लावला. टाकला होता कुणा भलत्यानेच. पण लोक असे तुटून पडले की मला धाप लागली.

थोड्याच दिवसांत दारात एक बाई उभी राहिली. चित्रपट तिचा होता, स्वतःच्या वडिलांच्या नावेवर वर्षानुवर्षं खपून केलेला.

"थिएटरवाला म्हणतो, फुकट दिसतंय ते तिकीट काढून कोण बघणार? माझं पहिलंच काम आहे हो."

"अहो, आम्ही थोडाच टाकला?" भाऊ म्हणाला. "लोक टाकतात, आम्ही नुसती जागा देतो."

"मग पहिल्या पानावर काय लोकांनी लावला?"

भावाने चित्रपट लगेच काढला. पण संध्याकाळी आधी टाकणाऱ्याच महाभागाने नाव बदलून तो पुन्हा चढवला!

आता मात्र ताईने वकील मामाला बोलावलं. मामा भावावर उखडलाच. "अरे, भाडेकरूने चोरीचा माल ठेवला तर घरमालक म्हणेल, मला कुठे ठाऊक होतं? तू तर तो ओट्यावर मांडून बसलास. आणि आता कळल्यावरही माल घरातच! वेबसाइटला टाळं लागेल."

"पण सगळं तपासत बसलो तर लोक जातील, ताई."

"जाऊ देत! दुसऱ्याच्या मेहनतीवर जमलेली गर्दी मला नको."

चित्रपट पुन्हा काढून ताईने मला नवं काम शिकवलं. काढलेला व्हिडिओ पुन्हा आला की ओळखायचा आणि दारातच अडवायचा. हे आधीच सांगितलं असतं तर! नाव कितीही बदला, माझी नजर पक्की आहे. कुणी व्हिडिओचं शेपूट कापून आणलं तर मात्र मी फसतो, तिथे ताईचेच डोळे लागतात. तक्रारीचा फोनही आता ती लगेच उचलते.

गर्दी ओसरली. माझ्यावर धूळ साचली, भाऊ पाठ थोपटेनासा झाला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मी कामाला चुकलो नाही.

पुढे तो चित्रपट थिएटरला लागला. मग एके सकाळी बाईने आपणहून त्यातला छोटासा तुकडा आमच्याकडे टाकला. भाऊ खुर्चीत सरसावून बसला. त्याचं बोट बटणापर्यंत गेलं. मी श्वास रोखला. त्याने बोट मागे घेतलं आणि फोन लावला.

"नमस्कार. तुमचा व्हिडिओ पहिल्या पानावर लावू का?"

पलीकडे ती हसली. "विचारलंत ना? आता खुशाल लावा!"

मित्रांनो, दुसऱ्याच्या कष्टाची वस्तू घेण्याआधी एवढं विचारत जा. आणि आम्हा जुन्या यंत्रांवर अधूनमधून फडकं फिरवा. त्या दिवशी भावाने ते फिरवलं, आणि माझी पाठही थोपटली.