भाऊच्या नावाचा डबा

चाळीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून ताईंचा उजवा खांदा असा आखडला, की वेणी घालायलाही भावजय लागायची. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक रबरी पट्टी दिली आणि सांगितलं, रोज ओढायची. ताईंनी दोन दिवस ओढली आणि तिसऱ्या दिवशी कपाटात टाकली.

"नुसतं ओढायचं आणि सोडायचं? मी काय खुळी आहे?"

भावजय गप्प बसणारी नव्हती. तिने ती पट्टी कापली, तोडून आणलेल्या फांदीच्या दुबेळक्याला बांधली, मधे चामड्याचा तुकडा अडकवला आणि बेचकी ताईंच्या हातात ठेवली. गच्चीवर दोरीला तीन रिकामे डबे टांगले आणि मागे जुनी गादी उभी केली. एक डबा ताईंचा, एक तिचा, एक भाऊचा. ताईंनी मारलेल्या मातीच्या गोळीने ज्याचा डबा वाजेल, त्याने रात्रीची भांडी घासायची.

ताईंचा धाकटा भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. तो पोट धरून हसला. "ताई, तुझा नेम सुईच्या भोकापुरता. माझा डबा तुला या जन्मी लागायचा नाही!"

पहिली गोळी गादीवरून उडून शेजारच्या पाण्याच्या टाकीवर ठण्णकन आदळली. शेजारीण खिडकीतून ओरडली, "कोण आहे गं?" तिघंही कठड्याखाली दडून बसले. पण ताईंना आता चेव चढला. गोळी खाली गेली की त्या हात जरा वर घ्यायच्या. पट्टी दर वेळी गालापर्यंतच ओढायची, हे त्यांनी स्वतःच हेरलं. चौथ्या संध्याकाळी भाऊचा डबा वाजला.

"हा अन्याय आहे," भाऊ भांडी घासता घासता म्हणाला. "माझा डबा सगळ्यात मोठा! बिस्किटांचा!"

"मग बदल की," ताई म्हणाल्या.

त्याने चहाचा डबा लावला. आठवड्यात तोही वाजला. मग औषधाच्या गोळ्यांची डबी आली, तीही वाजली. शेवटी त्याने बाटलीचं झाकण लांब दोऱ्याला बांधलं आणि घड्याळाच्या लंबकासारखं झुलवून दिलं.

"आता मार!"

ताईंनी मारली नाही. एक डोळा मिटून त्या बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. झाकण टोकाला गेलं की क्षणभर थांबतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. पुढच्या फेरीला त्यांनी श्वास सोडला आणि पट्टीही सोडली. टिंग!

भावजय टाळ्या पिटत नाचली. "अहो, तुम्हीच शिकवलंत त्यांना! डबे लहान करत गेलात, नेम पक्का होत गेला!"

भाऊने कपाळाला हात लावला. मग त्याचं लक्ष ताईंकडे गेलं. आनंदाच्या भरात त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले होते. उजवासुद्धा. त्यांनाही ते मागाहूनच कळलं, आणि खाली घेतला तर परत जाणार नाही या भीतीने त्यांनी तो हात बराच वेळ तसाच वर धरून ठेवला.

"ताई, दुखतंय का?" त्याने हळूच विचारलं.

"गप रे. बघू दे मला."

व्यायामाच्या बाईंनी खांदा सगळीकडून फिरवून पाहिला आणि पट्टीची आता गरज नाही म्हणाल्या. भाऊने सुटकेचा निःश्वास टाकला. पण त्याच संध्याकाळी तो गच्चीवर आला तेव्हा डब्यांजवळ कुणीच नव्हतं, आणि त्याला उगाच चुकल्याचुकल्यासारखं झालं. तो खाली जाऊन ताईंना आणि बायकोला गच्चीवर घेऊन आला आणि बेचकी हातात घेतली.

"ताई, जरा दाखव ना. अंगठा कुठे ठेवायचा?"

"आधी कोपर सरळ कर. आणि श्वास कशाला कोंडतोस, पाण्यात बुडतोयस का?"

त्याची पहिली गोळी सरळ शेजारणीच्या टाकीवर गेली. तिघंही पुन्हा कठड्याखाली दडले, आणि ताई सगळ्यांत मोठ्याने हसल्या.