धुराड्याची सावली

खाण कोसळून नऊ दिवस झाले होते. कंपनीचं तुणतुणं एकच: साडेतीनला पाळी सुटली, साडेचारला खाण कोसळली तेव्हा आत कोणी नव्हतं. शोधही थांबवला होता.

"मग माझा मुलगा घरी का आला नाही?" मोजणीदारांनी फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं.

"गेला असेल कुठे. तरणाताठा माणूस, आजोबा."

मोजणीदारांची उभी हयात जमिनी मोजण्यात गेली होती. सून वर्तमानपत्रात बातम्यांची शहानिशा करायची. डोळे सुजलेले, तरी तिने त्या दिवशी सासऱ्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं.

"बाबा, चोरूनमारून काही बघायचं नाही. लोकांनी चारचौघांत मांडलेलंच बघायचं, पण नीट. आणि एकाच पुराव्यावर विसंबायचं नाही."

खाण कोसळली त्याच दिवशी एका ट्रकवाल्याने रस्त्यावरून जाता जाता व्हिडिओ काढून टाकला होता. मागे खाणीचं तोंड, धुराडं आणि कुंपण. सात माणसं आत जाताना दिसत होती. चेहरे कळत नव्हते, पण तिसरा डाव्या पायावर जरा झुकून चालत होता. मोजणीदारांनी त्याच्यावर बोट ठेवलं: मुलाची लहानपणापासूनची चाल. सुनेने स्क्रीनवरून नजर हलवली नाही.

"धुराड्याची सावली बघ," ते कसेबसे म्हणाले. "कुंपणाच्या चौथ्या खांबावर पडलीये."

उपग्रहाच्या फुकट मिळणाऱ्या नकाशावर त्यांनी अंतर आणि दिशा मोजली, वहीत आकडेमोड केली. चार वाजून दहा मिनिटं. सुनेने दुसरा पुरावा धुंडाळला: समोरच्या चहावालीने त्याच दुपारी टाकलेला फोटो. सावली त्याच खांबावर, भिंतीवरच्या घड्याळात चार दहा.

दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली. कंपनीला खोदकाम पुन्हा सुरू करावं लागलं. तिसऱ्या दिवशी सातही जण सापडले.

डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, "पाच जण जागीच गेले. दोघं मात्र... आठवडाभर तरी तग धरून होते."

"माझा?"

"त्या दोघांतलाच एक. तीन-चार दिवसांपूर्वी गेला."

सून भिंतीला टेकून खाली बसली. "व्हिडिओ पहिल्याच संध्याकाळी टाकलेला होता, बाबा," ती म्हणाली. "मी आठ दिवस कंपनीच्या दारात अर्ज घेऊन उभी होते."

मोजणीदार तिच्याशेजारी फरशीवर बसले. तिचा हात हातात घ्यावा म्हणून त्यांनी हात पुढे केला. तिने तो घेतला नाही, झिडकारलाही नाही.