वामनरावांची नाव आणि पंच्याण्णव घोडे

पोहता येत नसलेल्या माणसानं नाव बांधू नये, असा कायदा कुठल्याही सरकारनं केलेला नाही. केला असता तर मनकर्णाबाईंची अकरा वर्षं सुखात गेली असती आणि इतवारीतल्या घराचं मागचं अंगण त्यांना अंगण म्हणून वापरता आलं असतं.

त्यांचे यजमान वामनराव पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. उभी नोकरी धरणं आणि कालवे काढण्यात गेली, पण पाणी पाहिलं ते निळ्या शाईचं. सत्तेचाळिसाव्या वर्षी डोक्यात काय शिरलं देव जाणे, त्यांनी सागवानी फळ्या आणल्या आणि अंगणात नाव बांधायला घेतली. नाव सोळा फूट, अंगण अठरा फूट. उरलेल्या दोन फुटांत मनकर्णाबाई अकरा उन्हाळे कुरड्या वाळवत आल्या आणि तोंडाचा पट्टा चालवत आल्या. नावेत त्यांनी कधी पाऊल ठेवलं नाही. आत डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. सवतीचं घर कोण पाहायला जातं!

चौऱ्याहत्तर साली वामनराव रिटायर झाले आणि गल्लीला रोजचा विषय मिळाला. समोरचे नानाजी धान्याचे अडते. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते ओट्यावरून हाक घालायचे, "वामनराव, कवा तरंगते गा नाव?" आणि उत्तर यायच्या आत स्वतःच म्हणायचे, "घाई नका करू. पाण्यात गेलीच नाही तं बुडनबी नाही." गल्ली हसायची. मनकर्णाबाई नवऱ्याला घरात याहून वाईट बोलत, पण तो त्यांचा हक्क होता. दुसऱ्यानं बोललेलं त्यांना कांद्यासारखं झोंबायचं.

एका संध्याकाळी वामनराव जेवता जेवता म्हणाले, "येकदा तरंगली पायजे, बस. साऱ्यायच्या डोयासमोर. नाही तरंगली तं मीच कुऱ्हाड घालतो." ते असं बोलणारे गृहस्थ नव्हते. मनकर्णाबाईंनी गुपचूप त्यांच्या पानात भाकरीचा दुसरा तुकडा ठेवला.

आता नाव तरंगवायची तर ती सक्करदऱ्याच्या तलावापर्यंत न्यायला हवी. वामनरावांनी छकड्याच्या आसावर रबरी चाकं बसवून तिच्यासाठी गाडा केला होता. प्रश्न होता तो ओढणार कोण याचा. नानाजी म्हणाले, आठ हमाल लावा. वामनरावांना ते पटलं नाही. हमालांची ताकद कोष्टकात मांडता येत नाही. दिवस मात्र पोळ्याचाच हवा होता. एरवी इतवारीच्या गल्ल्यांत हातगाड्यांमुळे माणूस आडवा होऊन चालतो, आणि पोळ्याला सगळा बाजार बंद. दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक, मुंगीलाही वाट नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा हातगाड्या.

"मंग बैलजोडी काहून नाही लावत?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"पोळ्याच्या दिवशी बैल जुंपतेत काय वं?" वामनराव म्हणाले. "आपल्याले हार्सपावर पायजे."

नानाजींचाच काटा अंगणात आणून नाव तोलून झाली: साडेचार क्विंटल. गाडा दोन क्विंटल. सक्करदऱ्याकडचा चढ, गल्लीची वळणं, सगळं धरून वामनरावांनी हिशेब काढला, बारा घोड्यांची ताकद पुरे. मग ते गाड्या पाहायला निघाले. पोटच्या पोरीसाठी, सुमतीसाठी, स्थळं पाहताना या माणसानं एवढी चौकशी केली नव्हती. गाडीसमोर उभे राहून वय काय, पूर्वी कुणाकडे होती, काही दुखणं आहे का, सगळं विचारायचे. चालून दाखवा म्हणायचे. आणि नवरदेवाचा पगार सांगताना लोक जे करतात, तेच गाडीवाले घोडे सांगताना करत होते.

पहिलं स्थळ डॉक्टरसाहेबांच्या मोटारीचं. डॉक्टर म्हणाले, चाळीस हार्सपावर. ते आत गेल्यावर ड्रायव्हर हळूच म्हणाला, "चाळीस होते जी. अर्धे मेले, अन् राहिले ते खोकलून राहिले." दुसरं स्थळ नानाजींच्या भाच्याच्या तीन चाकी टेम्पोचं. वामनरावांनी कागदावर आकृती काढून सिद्ध केलं की नाव जोडली की टेम्पोचं पुढचं चाक हवेत जाईल. "जाऊ द्या ना, वरातीतल्या घोड्यावानी दिसन," नानाजी म्हणाले, पण ते स्थळ मोडलं.

तिसरं स्थळ घरातलंच. मनकर्णाबाईंचे भाऊ बाबाराव यांचा हुडकेश्वरला ट्रॅक्टर होता. पस्तीस घोडे, वयानं लहान, कसलं व्यसन नाही. वामनराव हरखले. पण पोळ्याचं नाव काढताच बाबारावांनी कानाला हात लावला. "भाऊजी, सणाले बैलाले सुट्टी, तं ट्रॅक्टरलेबी सुट्टी. म्या त्याले गेरू लावून ठेवला. बेगड आनली. पुरनपोळीचा निवद दाखवाचा हाय त्याले." देवाधर्मापुढे कोष्टक काय करणार? वामनराव चहा पिऊन परत आले.

चौथं स्थळ ओमप्रकाशचं. त्याच्याकडे मिलिटरीच्या लिलावातला ट्रक होता, हत्तीएवढा, आणि रंग अजून तोच. "पंच्याण्णव हार्सपावर साहेब! तोफ खींची है इसने. तुमची नाव म्हणजे इसके लिए मच्छर." वामनरावांनी बोनट उघडून आत डोकं घातलं आणि बाहेर काढलं तेव्हा चेहरा उजळला होता. घरी येऊन ते म्हणाले, "बारा पायजे होते, पंच्याण्णव भेटले."

"मंग बाकीचे त्र्याऐंशी काय करतीन?" मनकर्णाबाईंनी विचारलं. "बसून चने खातीन काय?"

हा प्रश्न कोष्टकात नव्हता. वामनराव ट्रकचा विसार द्यायला निघाले.

पोळ्याच्या दुपारी अंगणाची भिंत पाडून नाव गल्लीत आली. गाड्याचा आकडा ट्रकला अडकवला. वामनराव काळी टोपी घालून ओमप्रकाशच्या शेजारी बसले. मनकर्णाबाई शेजारच्या तुळसाबाईंना घेऊन मागून सायकलरिक्षात निघाल्या. दुसऱ्या चौकात वळणावर एक खड्डा होता. ट्रकनं हिसका दिला, कडाड असा आवाज झाला, गाड्याची पुढची फळी आकड्यासकट उपटून ट्रकमागे निघून गेली आणि नाव जागच्या जागी बसली. मनकर्णाबाईंनी बोंब मारली. पण त्या ट्रकच्या आवाजात देवाची आरतीही ऐकू आली नसती. ट्रक धूर सोडत दिसेनासा झाला.

पुढचं सगळं नानाजींनी त्यांना सांगितलं, आणि मीठमसाला लावून सांगितलं. रस्ताभर वामनराव ओमप्रकाशला म्हणत होते, पाहा, मागं काही जोडलं हाय असं वाटते तरी काय? वाटणार कसं! ताकद इतकी की ओझं गेलेलं ट्रकला कळलंच नाही. तलावाकाठी गल्लीतली वीस-पंचवीस मंडळी मजा पाहायला जमली होती. वामनराव खाली उतरले, सगळ्यांना नमस्कार केला, "आता पाहा," म्हणत हात मागे केला. मागे फळीचा तुकडा लोंबत होता. "वामनराव," नानाजी म्हणाले, "इतकी हलकी बनवली काय गा? दिसतबी नाही!"

वामनराव पायी परत आले. पुरणपोळी त्यांनी पानातच ठेवली. "उद्या सकाळी आकड्याले वेल्डिंग करून शेवटचं पाहातो," ते म्हणाले. "मारबत येन्याच्या आत नाव चौकातून हलली तं हलली. नाही तं कुऱ्हाड." मनकर्णाबाई खरं तर याच दिवसाची वाट पाहत होत्या, पण आनंद काही होईना. 

सकाळी वामनराव आकडा घेऊन गेले आणि मनकर्णाबाई चौकात नावेपाशी राखण बसल्या. नऊ वाजले, दहा वाजले. वेल्डरनं पोळा अंमळ जास्तच साजरा केला होता, तो उठेना. अकराच्या सुमाराला ढोल ऐकू आले.

नागपूरकराला मारबत सांगावी लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. बांबू आणि कागदाची एक थोरली बाई करतात, तिला गावभर मिरवतात, गावातली रोगराई, भुतंखेतं, खोकला, ढेकूण, सगळं घेऊन जा म्हणून तिला ओरडून सांगतात, आणि शेवटी तलावाकाठी जाळतात. तिच्यासोबत बडगे असतात. म्हणजे त्या साली ज्याचा राग आला असेल त्याचे पुतळे, आणि त्यांच्या गळ्यात चावट पाट्या. त्यांनाही तीच गत.

तर मारबतीच्या मिरवणुकीच्या वाटेत, भर चौकात, गाड्यावर एक भलीमोठी नाव उभी होती. पोरांना शंका यायचं कारणच नव्हतं. "अबे, हा कोणाचा बडग्या हाय बे? जबरदस्त हाय!" एकानं पुठ्ठ्यावर कोळशानं लिहून पाटी लटकावली: महागाईत बुडणाऱ्यांसाठी खास सोय, आधी या, आधी बुडा. दुसऱ्यांनी दोर बांधले.

"अरे मेल्यायहो, बडग्या नोहे तो! आमची नाव हाय!" मनकर्णाबाई ओरडल्या. ढोल बारा होते आणि त्या एकट्या. शेवटी लुगडं खोचून चाकावर पाय देऊन त्या नावेत चढल्या, म्हणजे तरी कार्टी थांबतील. नावेत बाई उभी पाहून गर्दीला चेवच चढला. "मारबत बसली! घेऊन जा गे मारबत!" दोनशे हात दोरांना लागले आणि पंच्याण्णव घोड्यांना न जमलेली नाव लोण्यासारखी निघाली. मनकर्णाबाई धाडकन खाली बसल्या.

बसल्या आणि दचकल्या. मनकर्णाबाई चणीनं इतक्या लहान की कुठल्याही खुर्चीवर, बाकावर, रेल्वेत त्यांचे पाय लोंबकळत. लोक हसत, त्या मांडी घालून घेत. इथे पाय टेकले. त्यांनी वाकून पाहिलं. पायांखाली एक पट्टी मारलेली होती, बरोबर तेवढ्या उंचीवर. पाठ दुखायची तिथे टेकायला तिरपी फळी होती, कानशीनं घासून गुळगुळीत केलेली. नावेत बसायच्या जागा दोनच. समोरची वल्ही मारणाऱ्याची, आणि ही. अकरा वर्षं त्या या लाकडाला शिव्या देत होत्या, आणि त्या मुक्या माणसानं त्यांचं माप कधी घेतलं, त्यांना पत्ताही नव्हता. मनकर्णाबाईंना रडू आलं. वरून लोक गुलाल टाकत होते, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

मिरवणूक नाईक तलावाशी थांबली. मारबत पेटली, बडगे पेटले. एक जण रॉकेलचा डबा घेऊन नावेशी आला. "उतरा मावशी. आता इले लावतो."

खोटं कशाला बोला, मनकर्णाबाई क्षणभर थांबल्या. अकरा वर्षं दर मारबतीला ओट्यावर उभ्या राहून, सगळे खोकला-ढेकूण म्हणत तेव्हा, त्या मनात म्हणायच्या, आमची नावबी घेऊन जाय वं बाई. आज ती खरंच न्यायला आली होती. नुसतं खाली उतरायचं होतं. कुऱ्हाड नको, भांडण नको, अंगण मोकळं. आणि मग घरात वामनराव उरले असते ते कसे उरले असते, तेही त्यांना दिसलं.

"डबा ठेव खाली," त्या म्हणाल्या. "ही जाळाची नोहे. पान्यात लोटा."

"पन मावशी..."

"मले जाळतं काय मंग? म्या नाही उतरत. लोटा म्हनते ना!"

मारबत म्हणून ओढत आणलेल्या बाईशी वाद घालायची कुणाची हिंमत झाली नाही. पोरांनी गाडा पाण्यात ढकलला. गाडा बुडाला, नाव सुटली. एकदा डावीकडे कलली, एकदा उजवीकडे, आणि सरळ उभी राहिली. तरंगली. काठावर एकच गिल्ला झाला. नानाजी सगळ्यांत पुढे होते आणि त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. तेवढ्यात गर्दीतून वामनराव धावत आले, टोपी कुठे तरी पडलेली, हातात तो वेल्डिंग केलेला आकडा. नाव पाण्यावर पाहून ते जागीच थिजले. मग काठावरून ओरडले, "आत पानी येते काय वं?"

मनकर्णाबाईंची पावलं मघाशीच गार झाली होती. आता घोटेही. अकरा वर्षं उन्हात वाळलेल्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी झुळूझुळू आत येत होतं. त्यांनी लुगड्याचा घोळ मांडीवर ओढला.

"कोरडी ठणठणीत हाय!" त्या तलावभर ऐकू जाईल अशा ओरडल्या.

नानाजींनी टोपी काढली. "वामनराव, आपन हारलो गा."

वामनराव हे ऐकायला थांबलेच नव्हते. पोहता न येणारा तो माणूस कमरेएवढ्या पाण्यात शिरला, कड धरून नावेत चढला आणि त्याचा पाय आतल्या पाण्यात डुबुक करून पडला. त्यांनी खाली पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. पट्टीवर टेकलेले तिचे पाय पाहिले. काठावरून लोक विचारत होते, काय वामनराव, कशी हाय?

"येकदम कोरडी!" वामनराव म्हणाले आणि समोरच्या जागेवर बसून वल्ही हातात घेतली. नाव काठापासून लांब गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "किती वेळ हाय आपल्यापाशी?"

"येक चक्कर होते," मनकर्णाबाई म्हणाल्या. "सावकाश मारा."