आठाखालचा सात

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, मधल्या वाटा भरल्या, उशिरा आलेले भिंतीला पाठ लावून उभे राहिले. खिडक्यांचे पडदे ओढलेले. टेबलावर एक झिजलेलं नाणं, त्याच्यावर कॅमेरा आणि शेजारी वाकड्या मानेचा दिवा, दिव्यापाशी एक चेला उभा. समोरच्या भिंतीवर तेच नाणं दाराएवढं मोठं दिसत होतं.

"सालातला शेवटचा आकडा वाचा!" माघारीबाबा म्हणाले.

"आठ!" सगळे ओरडले.

"आता डोळे मिटा. वीसपासून उलटं मोजा. मध्येच जो डोळे उघडेल, त्याचं एक वर्ष वाया!"

लोकांनी मोजलं. डोळे उघडले. भिंतीवर सात होता.

"आठाचा सात झाला, काळ माघारी आला! निर्जीव नाणं वर्षभर मागे जातं, मग तुमचं दुखणं कोण लागून गेलं? जेव्हा ते नव्हतंच, त्या काळात नेऊन सोडतो तुम्हाला!"

टाळ्या थांबेनात. सगळ्यांची वर्षं मागे नेणाऱ्या या माणसाने स्वतःच्या केसांना कलप लावला होता आणि भांगात पांढरं डोकावत होतं. हे माझ्या लक्षात आलं आणि मी मनातल्या मनात हसलो. तेवढ्यावरच मी स्वतःला शहाणा समजत होतो.

माझं जुन्या नाण्यांचं दुकान आहे. लोक मला भिंगवाले म्हणतात. बुवाबाजीवर तोंडसुख घेण्यात मी कायम पुढे, म्हणून तर बाबांना माझीच साक्ष हवी होती. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची मला. मोजायच्या आधी मी भिंगातून नाणं पाहिलं, आठ होता. नंतर पाहिलं, सात होता. काठापासून आकड्यापर्यंत गेलेली केसासारखी रेघ दोन्ही वेळा जागच्या जागी, म्हणजे नाणं बदललेलं नव्हतं. नाण्याला आणि दिव्याला हात लावायला मात्र मनाई होती.

माझ्या हातात माईक दिला. मी म्हणालो, "नाणं तेच आहे. कुणी खाडाखोड केलेली नाही. आकडा कसा बदलला, मला सांगता येत नाही."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पण मधल्या वेळात टेबलापाशी काय झालं हे मला माहीत नव्हतं, कारण सगळ्यांबरोबर मीही डोळे मिटले होते. ते मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या दारावर फलक लागला: "भिंगवाले म्हणतात, नाणं तेच, आकडा बदलला!" मी मुद्दाम दोनदा त्याच्यासमोरून गेलो. लाज वाटते सांगायला, पण तेव्हा बरं वाटलं.

माझी ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमच्याच वरच्या मजल्यावर राहते. तिला काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढू नये म्हणून रोज थेंब घालावे लागतात. तो फलक लागल्यावर सहा महिन्यांनी ती चहा कपात ओतायचा तो बशीबाहेर ओतायला लागली, तेव्हा मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"थेंब कधीपासून बंद आहेत?" बाईंनी विचारलं.

ताई म्हणाली, "बाबा पापण्यांना नाणं लावतात. म्हणाले, थेंब घातले तर वर्ष मागे सरकत नाही."

बाईंनी खोलीत अंधार केला आणि टॉर्च ताईच्या कानाच्या बाजूने आडवा धरला. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "समोरून का नाही धरत?"

"समोरून सगळं सपाट दिसतं हो. आडवा उजेड टाकला की उंच-सखल कळतं. तुम्हाला नाणी बघताना नाही लागत असं?"

दिवा फिरवून बघणं हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. तीस वर्षं मी तो दुसऱ्यांना शिकवत आलो होतो.

"उजवा डोळा गेलाय," बाई म्हणाल्या. "गेलेली नजर परत येत नाही. डावा थेंबांवर सांभाळू."

ताईला घरी सोडून मी दुकान उघडलं. "किरकोळ" असं लिहिलेल्या डब्यात त्याच सालाची अकरा झिजलेली नाणी होती. एकेक घेऊन दिवा त्याच्याभोवती फिरवला. नवव्या नाण्यावर डावीकडून आठ दिसला. दिवा उजवीकडे नेला आणि आठाच्या पोटातून साताचा तिरका दांडा वर आला. काठाजवळ तीच केसासारखी रेघ. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

गोष्ट साधी आहे. टाकसाळीत नाणी पोलादी ठशाने पाडतात. वर्ष संपलं तरी ठसा धड असला, तर फेकण्यापेक्षा जुन्या आकड्यावरच नवा आकडा ठोकतात. जुना पुरता बुजत नाही आणि नाण्यावर दोन्ही उमटतात. नाणं झिजून दोन्ही पुसट झाले, की उजेड ज्या बाजूने येईल तसा एकच डोळ्यात भरतो. ती रेघ म्हणजे ठशाला गेलेला तडा, त्यामुळे तडा गेल्यानंतरच्या प्रत्येक नाण्यावर ती येतेच. असं नाणं दुर्मीळ असतं. ते सापडावं म्हणून मी जन्मभर धडपडत होतो.

पुढच्या सभेत मी माईक मागितला. बाबांनी खुशीत दिला. मी माझं नाणं कॅमेऱ्याखाली ठेवलं आणि म्हणालो, "आज कुणीही डोळे मिटू नका." दिवा डावीकडे, आठ. उजवीकडे, सात. पुन्हा डावीकडे, आठ.

"तुम्ही उलटं मोजता, तेव्हा यांचा चेला एवढंच करतो."

"ही माझीच कृपा!" बाबा गरजले. "यांच्या दुकानापर्यंत पोचली!"

"मग दिवा हलवला की कृपा परत का जाते?"

पुढे बसलेली एक लहान मुलगी आईला मोठ्याने म्हणाली, "दिवा तर कुणीही हलवेल. मग बाबा काय करतात?"

हशा पिकला. बाबांनी आपलं नाणं खिशात टाकलं आणि मागचं दार गाठलं. मला हसू येत नव्हतं. मी म्हणालो, "त्या दिवशी मीही डोळे मिटले होते आणि ते लपवलं. माझ्या बहिणीचा डोळा त्यात गेला." मग बाहेर जाऊन फलक स्वतःच्या हाताने उतरवला.

घरी येऊन ताईला सगळं सांगितलं. ती नाण्यावरून अंगठा फिरवत राहिली.

"बाबाचं काय घेऊन बसलास?" ती म्हणाली. "कलप लावणाऱ्यावर माझा कधी विश्वास बसला असता का? मी फलक वाचला. तू लहानपणापासून कशालाच हो म्हणत नाहीस. म्हटलं, हा सांगतोय म्हणजे खरंच असेल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता सकाळ-संध्याकाळ तिच्या डाव्या डोळ्यात मी थेंब घालतो. ती मान मागे टेकते आणि म्हणते, "बाटलीवरचं वाच. नाव वाच, वर्षही वाच." मी वाचतो. मग ती समोरच्या शिवणकामवाल्या बाईंना हाक मारते आणि त्यांच्याकडून पुन्हा वाचून घेते. पहिल्या दिवशी ते मला फार लागलं. आता त्यांना नीट दिसावं म्हणून दिवा मीच जवळ ओढून देतो.

तुम्हीही असंच करा. चमत्कार दाखवणाऱ्याला प्रश्न विचाराच, पण त्याच्या शेजारी भिंग घेऊन बसलेल्यालाही विचारा, की तुझे डोळे उघडे होते का? आणि उत्तर काहीही येवो, औषध बंद करू नका.