रेघा नसलेलं अंगण

मित्रांनो, मी एक जुना खराटा आहे. जावा बेटावर वोनोसारीजवळच्या एका गावात, बू कार्मींच्या पडवीत टांगलेला असतो; बू म्हणजे आमच्याकडे आई, आणि मोठ्या बाईलाही बूच म्हणतात. माझे हीर झिजून निम्मे झाले आहेत. पण गेल्या महिन्यात जे घडलं, त्याने मी आजही हादरलेला आहे.

बूंनी स्वतःच्या माडाच्या झावळ्या सोलून मला बांधलं. रोज उजाडताच आम्ही दोघं पुढचं अंगण झाडायचो. आमच्याकडे अंगण म्हणजे उघडी, चोपलेली माती. त्यात गवताची काडी दिसली तरी घरधनीण आळशी ठरते. झाडून झालं की मातीवर माझ्या बारीक रेघा उमटत.

"बू, आज रेघा वाकड्या!" शेजारचे पाक वागियो, म्हणजे वागियोकाका, कुंपणावरून चिडवायचे.

"तुमच्या चालीपेक्षा सरळ आहेत," बू सुनवायच्या. मला केवढा अभिमान वाटे!

मग शहरातून लेक रेत्नो आली. आईचे सुजलेले गुडघे बघून ती कळवळली.

"बू, पुरे हे वाकणं. अंगणभर पसरणारं काहीतरी लावू."

"रान माजवू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

"घालू देत. गवत नको, ते कापायला कोण येणार? चिनी गुलाब उन्हात फुलतो खरा, पण मागून विरळ होतो. हा रानभुईमूग बघ, पिवळ्या फुलांचा. रखरखीत ऊन सोसतो. एकदा मूळ धरलं की त्याच्याकडे बघायलाही नको."

बघायलाही नको! माझ्या तर पायाखालची जमीनच सरकली. त्याच जमिनीवर माझं पोट होतं.

रोपं लावली त्याच्या दुसऱ्याच पहाटे बू सवयीने मला घेऊन उतरल्या आणि आम्ही दोघांनी मिळून निम्मी रोपं झाडून टाकली. रेत्नोने कपाळावर हात मारला. रोपं पुन्हा लावून ती शहरात परतली, आणि मी गेलो खुंटीला.

चार महिन्यांत अंगण हिरवंगार झालं. बायका बघायला येत, काड्या मागून नेत. बूंच्या गुडघ्यांची सूज उतरली. मी मात्र खुंटीवर धुमसत होतो, खोटं कशाला सांगू?

आणि त्या सकाळी बू मागे विहिरीपाशी पाय घसरून पडल्या. घोटा मोडला. त्या हाका मारत होत्या आणि मला ऐकू येत होत्या. खराट्याने काय करावं? पूर्वी सात वाजले आणि अंगणात रेघा नसल्या, तर निम्मी गल्ली दारात उभी राहायची. त्या दिवशी अंगण फुललेलं होतं. पाक वागियो तीनदा समोरून गेले. शेवटी दुपारच्या अजानीनंतर रोपाची काडी मागायला आत आले, तेव्हा त्यांना बू सापडल्या.

संध्याकाळी ते पायरीवर मटकन बसले. "तीनदा गेलो गं रेत्नो मी इथून," ते धावत आलेल्या लेकीला म्हणाले. "अंगण छान दिसलं, म्हणून पुढे गेलो."

 दुसऱ्या दिवशी रेत्नोने खुरपं घेतलं आणि फाटकाजवळची दोन हात जागा खरवडून माती उघडी केली. बाकी हिरवळ तशीच ठेवली.

पाय जरा टेकता येऊ लागल्यावर, काल पहाटे बूंनी तिथे स्टूल टाकलं आणि मला हातात घेतलं. बसल्या बसल्या पाच रेघा ओढल्या.

"बू, आज फारच वाकड्या!" कुंपणावरून आवाज आला. आवाज ओला होता.  बू डोळे पुसत होत्या.

मित्रांनो, निगा न लागणारी रोपं खुशाल लावा. बूंचे गुडघे त्यांनीच वाचवले, हे मी खराटा असून कबूल करतो. पण शेजारचं अंगण छान दिसलं, तरी आत एक हाक मारत जा.