सात घरांचं पाणी

आजारी पिल्लाच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात आधी पाणी साचतं. मग ते पिवळट, चिकट होतं आणि वाळून त्याची तपकिरी खपली बनते. खपली बाजरीच्या दाण्याएवढीच असते, पण दोन्ही पापण्या घट्ट बसतात. तेवढ्या खपलीवर कुंडलिक महाराजांचं सगळं दुकान उभं होतं.

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात, आळे गावाजवळच्या आमच्या वस्तीवर दर गुरुवारी माणसं जमत. नारायणगावाकडून भरलेल्या जीप येत. कोणी खोक्यात, कोणी वायरच्या पिशवीत मांजरीची पिल्लं आणत. बिबट्याच्या भीतीनं त्या वर्षी सगळेच पिल्लांना रात्री कोंबड्यांच्या डालग्याखाली कोंडत होते. एकाला शिंका लागल्या की चार दिवसांत अख्ख्या डालग्याचे डोळे चिकटत.

मांजर पिल्लांना तोंडात धरून सात घरं फिरवते आणि मग त्यांचे डोळे उघडतात, असं आमच्याकडे सगळेच मानतात. डोळे वयानुसार आपोआप उघडतात आणि मांजर जागा बदलते ती पिल्लं लपवायला, हे मी कॉलेजात दरवर्षी शिकवते. महाराजांनी त्या समजुतीला पुढचा मजला चढवला. डालग्यात कोंडल्यामुळं सात घरं राहून गेली, म्हणून देवानं उघडलेले डोळे परत मिटले, असं ते सांगत.

"आईनं न्हाई फिरवलं, तर आपुन फिरवायचं," ते म्हणत. "मी कोन? मी नुसतं मांजरीचं तोंड."

"मंग मानंला धरून उचला की, महाराज," वस्तीवरचे म्हातारे म्हस्कूबाबा मागून म्हणाले. लोक हसले. महाराजही हसले आणि पिल्लू उचलून चालू लागले.

प्रत्येक घरातून बंबातलं कोमट पाणी घ्यायचं, भगवा फडका त्यात बुडवायचा, डोळे पुसायचे, पुढचं घर. सातव्या दारात पापण्या सुटत. गर्दीतून एकच सुस्कारा निघे. मग मध, कांद्याचा रस आणि लिंबू यांचं अंजन डोळ्यात, आणि चिमूटभर केशरी शक्तिभस्म दुधातून. ते भस्म मला लगेच ओळखू आलं. वस्तीजवळच्या धर्माजींच्या पोल्ट्रीत कोंबड्यांच्या पाण्यात घालतात ती व्हिटॅमिनची पावडर. रंग तोच, वासही तोच. महाराज व्हायच्या आधी कुंडलिक तिथंच कामाला होता.

पिल्लांचं ते काही घेत नसत. पिल्लं म्हणजे दुकानाची पाटी होती. "मुक्या जिवाचं उघडत्यात, मंग मानसाचं का न्हाई?" एवढं एक वाक्य ते सोडत, आणि लोक अंजनाच्या बाटल्या घेऊन जात.

तसली एक बाटली शेजारच्या साळुबाईंच्या देव्हाऱ्यात येऊन बसली होती. त्यांच्या नातीसाठी, श्रेयासाठी. श्रेयाच्या उजव्या बुबुळात पांढरा ठिपका होता. शाळेतल्या शिबिरात डॉक्टर म्हणाले होते, मोतीबिंदू आहे, लवकर ऑपरेशन करा. मूल मोठं झालं तर तो डोळा बघायला शिकणारच नाही. साळुबाई म्हणाल्या, पोरीच्या डोळ्याला चाकू लावायचा नाही. त्यांचा मुलगा दादाभाऊ म्हणाला, आईला विचारा. सून पुष्पा म्हणाली, बघू. त्या 'बघू'त कांद्याचे दोन हंगाम निघून गेले होते. येत्या गुरुवारी श्रेयाला सात घरं फिरवून अंजन सुरू करायचं ठरलं होतं.

श्रेयाचं पिल्लू, चिंगी, आदल्याच गुरुवारी सात घरं फिरून आलं होतं. दोन्ही डोळे उघडले होते. सोमवारी उजवा डोळा दुधासारखा निळसर पांढरा झाला. मी चिंगीला नारायणगावला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. मांजरांच्या हर्पिस विषाणूनं बुबुळाला आधीच जखम झाली होती, त्यात लिंबू पडलं. उजवा गेला, ते म्हणाले, डावा वाचवू. त्यांनी मलम दिलं, तेही वरून शिरणाऱ्या दुसऱ्या जंतूंसाठी. विषाणू अंगातून जात नाही. पिल्लाची ताकद टिकली तर दबून बसतो, ताण आला की परत वर येतो. आजार आपोआप ओसरतो, तेव्हा जी पूड खायला घातली असेल तिचं नाव होतं. आणि पिल्लू मेलं तर म्हणायचं, नशीब.

गुरुवारी मी पाणी उकळून कोमट केलं, कापसाचे बोळे घेतले आणि महाराजांच्या आधी साळुबाईंच्या ओट्यावर जाऊन बसले. खोक्यातलं एक डोळे चिकटलेलं पिल्लू मागून घेतलं. मंत्र नाही, घरं नाही. एका जागी बसून सात बोळे, प्रत्येक वेळी नवा. सातव्याला दोन्ही डोळे उघडले.

महाराजांनी हात जोडले.

"बघा, मॅडमच्या हाताला बी गुन आला. देव कुनाच्या बी हातात येतो, राव."

आणि लोक माझ्यापुढे खोकी घेऊन रांगेत उभे राहिले. एका बाईनं माझ्या पायाला हात लावला. इतकी हताश मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

मी पाय मागे घेतले आणि जमेल तितकं सावकाश सांगितलं. खपली पाण्यानं भिजते, म्हणून सुटते. त्याला सात घरं लागत नाहीत, भिजायला वेळ लागतो; घरं फिरण्यात तो वेळ जातो. पण एकच फडका सात घरच्या पाण्यात बुडतो, सात घरच्या पिल्लांना लागतो, आणि आजार सात घरी पोचतो. पुढच्या गुरुवारची गर्दी मागच्या गुरुवारी तयार होते. ऐकून विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नको. आपापल्या वस्तीत मोजा, महाराज येण्याआधी किती पिल्लं आंधळी होती आणि आता किती आहेत.

"डोळं तर उघडलं ना," साळुबाई म्हणाल्या. "आमी सोता बघितलं."

मी चिंगीला ओट्यावर ठेवलं. तिच्या डाव्या बाजूनं सुतळी हलवली. तिनं झडप घातली. उजव्या बाजूनं हलवली. डोळा सताड उघडा होता. ती बसून राहिली. पुन्हा हलवली, अगदी मिशीजवळ. काही नाही.

"उघडला आहे," मी म्हणाले. "दिसत नाही."

महाराज म्हणाले, हिची श्रद्धाच कमी पडली. कोणाची, मांजरीची का, असं म्हस्कूबाबांनी विचारलं. या वेळी कोणी हसलं नाही.

पुष्पा उंबऱ्यात उभी होती. ती खाली आली आणि श्रेयासमोर बसली. तळहातानं लेकीचा डावा डोळा झाकला आणि माझ्या हातातली सुतळी घेऊन तिच्या उजव्या डोळ्यापुढे धरली.

"काय हाय माझ्या हातात?"

श्रेया उघड्या डोळ्यानं समोर बघत राहिली. मग म्हणाली, "आई, हात काढ ना. अंधार व्हतोय."

साळुबाई देव्हाऱ्याकडे वळल्या होत्या. पुष्पानं उठून त्यांच्या आधी बाटली उचलली आणि मोरीत ओतली. कांद्याचा वास ओट्यापर्यंत आला. दादाभाऊ काही बोलायला गेला, आणि आईकडे बघून थांबला.

"आत्याबाई," पुष्पा म्हणाली, "कुनाला इचारायचं न्हाई आता. उद्या पयल्या गाडीनं मी हिला पुन्याला नेते. आपरेशन करायचं."